पेन्शन येतंय ना, मग कशाला?

फौजेतून रिटायर झालेल्या माणसाचं हे ठरलेलं वाक्य. माझे मामा पण हेच म्हणायचे. महिन्याच्या महिन्याला पैसे जमा होतात, महूच्या कॅन्टीनचं कार्ड चालतंय, मग रिकॉर्डमधे कुणाचं नाव कसं लिहिलंय याने काय फरक पडतो? मामांना नाहीच पडत. पडतो तो मामीला, आणि तोही मामा गेल्यावर फॅमिली पेन्शन मागताना, म्हणजे अर्जावर सही करणारा माणूसच जेव्हा नसणार तेव्हा. हे मी रामबागेत त्यांच्याच घरी सगळ्यांसमोर बोलले. मामी हसली, मामा पेपर उघडून बसले ते बराच वेळ पेपरातच.

सगळं उघडं पडलं पेन्शन बँकेकडून स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर गेलं तेव्हा. पहिल्यांदा लॉगिन केलं की तिथे तुमचीच माहिती समोर येते आणि तपासून सांगा म्हणतात, बहुतेक लोक (किंवा त्यांचे नातू) सगळीकडे हो हो दाबून मोकळे होतात. मी मामांची जुनी पत्र्याची ट्रंक उघडून डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद, पेन्शन पेमेंट ऑर्डर) काढला आणि एकेक ओळ ताडून बघत बसले. मामांच्या नावात आडनावच नाही, वडिलांचं नाव शेवटी आहे आणि तेच आडनाव धरलंय, शिवाय त्याला राव चिकटवलेला. आर्मी नंबरच्या शेवटी जे एक अक्षर असतं ना, ते एका कागदावर आहे, दुसऱ्यावर गायब. गावापुढे जिल्हा खरगोन लिहिलाय आणि आधारवर बडवानी, पण ही चूक नाहीये बरं का, बडवानी जिल्हा १९९८ मधे खरगोनमधून वेगळा झाला, भरती झाले तेव्हा खरगोनच होतं. अशा गोष्टींना हात लावायचा नाही, उगाच अर्ज लांबतो.

खरी मेख मामीच्या नावात. लग्नात ताम्हनात तांदूळ पसरून अंगठीने जे नाव लिहिलं ते, समजा, वसुधा. माहेरचं, समजा, कुसुम. आधार, पॅन, बँक, मतदार यादी सगळीकडे वसुधा, फौजेच्या कागदात मात्र कुसुम. कारण मामा लग्न करून युनिटला परत गेले, तिथे लग्नाची नोंद केली, आणि फॉर्म भरताना सोबत लग्नाची पत्रिका होती तिच्यावरचं नाव बाबूने बघून उतरवलं. त्यावरून पार्ट टू ऑर्डर (युनिटने काढलेली अधिकृत नोंद) निघाली, ती रिकॉर्ड ऑफिसला गेली, तिथून शीट रोलमधे, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या नोंदपत्रात, मग पीपीओत. खरं तर बाबूची तशी चूक पण म्हणता येत नाही, त्याला काय माहीत आमच्याकडे बाईचं पहिलं नावसुद्धा बदलतं. मामांचं आडनाव खाल्लं ती मात्र शुद्ध बाबूगिरी.

आणि आडनावांचं तर आपल्याकडे असंच चालत आलंय. महूतच बघा, बाबासाहेबांचा जन्म तिथला, १४ एप्रिल १८९१, वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार, मुलाचं आडनाव शाळेत आंबडवे गावावरून लागलं. आजच्या पोर्टलने बापलेकाच्या नावापुढे लाल फुली मारली असती.

आमच्याकडे येणारा प्रत्येकजण एकच सल्ला देत होता, आधारच बदलून घ्या ना, सोपं आहे, कुसुम करून टाका. अजिबात करू नका असं काही. एक आधार बदललं की पॅन, बँक, घराची रजिस्ट्री सगळं त्याच्या मागे लागतं, आणि रिकॉर्डमधली चूक तशीच राहते. आणि पीपीओ दुरुस्त करा म्हणून बँकेत भांडण्यातही अर्थ नाही, पीपीओ हा शेवटचा कागद. मूळ नोंद रिकॉर्ड ऑफिसमधे, प्रत्येक रेजिमेंटचं वेगळं, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, सिग्नल्सचं जबलपूरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, ईएमईचं (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारं दल) सिकंदराबादला, महार रेजिमेंटचं सागरला. ते आधी आपली नोंद सुधारतात, मग प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसला कळवतात, आणि तिथून कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्त केलेला पीपीओ निघतो. हे जवान आणि जेसीओंचं (सुभेदार वगैरे), ऑफिसरांचा रस्ता वेगळा.

मला कुणी विचारलं तर मी आधी आरटीआय टाकायला सांगते. अर्ज स्वतः मामांच्या नावाने, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि त्यात एवढंच की माझ्या रिकॉर्डमधल्या कुटुंबाच्या नोंदींची प्रत द्या. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिथे काय लिहिलंय हे डोळ्यांनी न बघता अर्ज केला तर तुम्ही अंदाजाने भांडताय, कारण पीपीओवर एक आणि शीट रोलमधे तिसरंच असं पण असतं. त्याच वेळी कुठले कागद लागतील त्याची यादीही पत्राने मागवून घ्या, दर ऑफिसची थोडी वेगळी असते. साधारण काय लागतं तर दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं शपथपत्र, पेपरात जाहिरात, आधार-पॅनच्या कॉपी आणि दोन नावं जोडणारा एखादा जुना कागद. आमच्याकडे मामीचा शाळेचा दाखला निघाला त्यावर कुसुम, लग्नाची पत्रिका निघाली तिच्यावर कुसुम, पण दोन्ही नावं एकत्र असलेलं काहीच नाही! शेवटी तिच्या वडिलांच्या एका जुन्या कोर्टाच्या कागदात "कुसुम ऊर्फ वसुधा" सापडलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

शपथपत्रावर सही करताना मामी म्हणाली, अगं ते नाव राहू दे ना तिथे, तेवढ्या एकाच ठिकाणी उरलंय. मामा म्हणाले, मग फॅमिली पेन्शन पण कुसुमलाच मिळेल, तुला नाही. सही झाली.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जरूर जा, तिथे स्वतः फौजी असलेले लोक बसतात, अर्जाचा मजकूर कसा हवा ते त्यांना माहीत असतं आणि अर्ज त्यांच्यामार्फत पुढे पाठवता येतो. अर्ज इंग्रजीत, छोटा, काय आहे आणि काय हवंय एवढंच. मामांनी आधी लिहिलेल्या अर्जात १९७१ पासूनचा सगळा इतिहास होता, तो मी घरीच ठेवून घेतला, वाचायला छान आहे.

मामीचं नाव आता सुधारून आलंय. मामांच्या आडनावाचं अजून अडकलंय, पण त्याची मला घाई नाही, त्यांचा नंबर एकच आहे आणि शेवटचं अक्षर सोडलं तर तो जुळतो.

हे कळल्यावर गल्लीतले एक रिटायर्ड नायक परवा डिस्चार्ज बुक घेऊन आले. त्यांच्या कागदात वारस म्हणून अजून त्यांची आई आहे, बायकोची नोंदच नाही, कारण भरतीच्या वेळी लग्न झालं नव्हतं आणि नंतर पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही. म्हणजे तिथे नाव सुधारायचं नाहीये, आधी लग्नच सिद्ध करायचंय. त्यांना म्हटलं, काका, आधी लग्नाची पत्रिका शोधा, ती नसेल तर मुलांचे जन्माचे दाखले आणा, आणि काकूंना सोबत घेऊन या.