खापरपणजोबांचा नंबर

मॉरिशसमध्ये कुणाच्या पूर्वजाचा माग काढायचा असेल तर नाव बाजूला ठेवायचं आणि नंबर शोधायचा. उसाच्या मळ्यांवर राबायला आणलेल्या प्रत्येक मजुराला सरकारी दप्तरात एक आकडा मिळायचा आणि तो मरेपर्यंत त्याला चिकटून राहायचा. करारावर तोच, पासावर तोच, पोरांच्या जन्मदाखल्यावर बापाच्या नावापुढे तोच. नाव मात्र कारकुनागणिक बदलायचं. एका ठिकाणी शेवटी ‘जी’ असायचा, दुसरीकडे नसायचा, तिसरीकडे मधलं अक्षरच गायब.

हे मला कळलं ते आमच्या शेजारच्या तोंतोंमुळे. क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, काकांना तोंतों म्हणतात. नात्यातले नसले तरी वयाने मोठ्या माणसाला तसंच हाकारतात. मी मूळची लांज्याची, नोकरीसाठी मॉरिशसमधल्या एबेनला जाते आणि राहते इथल्याच वाक्वाला. तोंतों इथले मराठी, म्हणजे घरात गणपती बसतो, आरती पाठ आहे, बोलणं सगळं क्रेओल आणि फ्रेंचमधून. मार्च 2024मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू इथे आल्या तेव्हा भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळेल असं जाहीर झालं. तोंतों पाचव्या पिढीतले, नातवंडं बरोबर सातव्या. लगेच कपाटातली फाइल बाहेर आली. आणि शेजारी राहणारी ‘खऱ्या महाराष्ट्रातली’ मुलगी मदतीला असणं त्यांना फार शुभ वाटलं. माझा नक्की उपयोग काय होणार होता, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्याकडे मॉरिशस म्हटलं की हनिमून पॅकेजच आठवतं. इंग्रजांनी इथली गुलामगिरी बंद केली आणि मळेवाल्यांना मजूर कमी पडायला लागले. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन आलं. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बहुतेक कलकत्त्याहून, म्हणजे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. त्यांच्या खालोखाल मद्रासहून. मुंबईचा वाटा छोटा, आणि तोही मुख्यतः 1840 ते 1860च्या दशकांतला. पुढे मुंबईची जहाजं जवळपास दिसेनाशी होतात. मला यात आश्चर्य वाटत नाही. 1853मध्ये रेल्वे सुरू झाली, पाठोपाठ गिरण्या आल्या, मग कापसाची तेजी आली. रत्नागिरीच्या माणसाला पोट भरायला मुंबईच पुरेशी झाली असणार. त्याआधी ज्यांचा नंबर लागला, ते समुद्रापार गेले.

पोर्ट लुईला मजूर उतरवायचे ती जागा म्हणजे आप्रवासी घाट. 2006 साली युनेस्कोने ती जागतिक वारसा यादीत घेतली. बोटीतून चढून यायच्या दगडी पायऱ्या अजून आहेत. पर्यटक तिथेच फोटो काढून निघतात. कागद मात्र तिथे नाहीत. ते मोकाला, महात्मा गांधी संस्थेत आहेत. इमिग्रेशन खात्याची जाडजूड रजिस्टरं, हजारांच्या संख्येने. ती आपण चाळायची नसतात. अर्ज करायचा, नातं सिद्ध करणारे दाखले जोडायचे, मग तिथली माणसं शोधून देतात. एक कारण पानं ठिसूळ झाली आहेत हे. दुसरं असं की रजिस्टरात जातीचाही रकाना आहे, आणि त्याबाबत संस्था फार जपून असते. बरंच आहे ते. दीडशे वर्षांपूर्वी एका परक्या कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलेलं अक्षर आज कुणाच्या लग्नात आडवं यायला नको.

त्यामुळे शोध खालून वर जातो. तोंतोंचा दाखला, त्यांच्या वडिलांचा, आजोबांचा, पणजोबांचा. पणजोबा जन्माने इथले. त्यांच्या जन्माच्या नोंदीत बापाच्या नावाशेजारी सहा आकडी संख्या मिळाली. तोंतोंनी ती पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहून घेतली आणि दिवसभर खिशात ठेवली.

इथे एक अडचण बऱ्याच घरांना येते. धार्मिक पद्धतीने लावलेल्या लग्नाला सरकारी दप्तरात किंमत नव्हती. सप्तपदी झालेली असली तरी नोंद नाही म्हणजे नवरा-बायको नाहीत. मग पोरांच्या नोंदीत बापाची जागा कधी रिकामी असते. तोंतोंच्या घराचं नशीब की बापाने स्वतः जाऊन मूल आपलं म्हणून लिहवून घेतलं होतं.

नंबर मिळाल्यावर रजिस्टरातली ओळ मिळाली. जहाज मुंबईहून आलेलं, 1850चं दशक. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, आणि ज्या मळ्यावर पाठवलं त्याचं नाव. खुणेच्या रकान्यात डाव्या गुडघ्यावर व्रण असल्याचं लिहिलं होतं. तोंतोंच्या मुलीने ते मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांनी आपापल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

ही ओळ वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ती त्या माणसाच्या आठवणीसाठी लिहिलेली नाही. पळून गेला तर ओळखता यावा म्हणून व्रण लिहिला, कुणाच्या मालकीचा आहे ते कळावं म्हणून मळा लिहिला. महिना पाच रुपये पगार, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापायची. त्याला ‘डबल कट’ म्हणत. आजारी पडलेला माणूस महिनाअखेरीला मालकाचंच देणं लागायचा. 1850च्या दशकात परतीचा फुकट प्रवासही बंद झाला, म्हणजे परत जायचं तर तिकीट स्वतःच्या खिशातून. ओळीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. कोण भारतात परतला, कोण मेला, ते तिथे येतं. खापरपणजोबांच्या ओळीत फक्त मृत्यू आहे, पुष्कळ वर्षांनंतरचा.

मधल्या काळाबद्दल कागद थोडे आहेत, पण बोलके आहेत. 1867च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांना फोटो लावलेला परवाना जवळ बाळगणं भाग पडलं. तो नसेल, किंवा पोलिसांच्या पासाशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात सापडलात, तर ‘भटका’ म्हणून अटक. तेव्हा नुकती मलेरियाची साथ येऊन गेली होती. 1866 ते 68 या काळात बेटावर हजारो माणसं दगावली. आणि त्यातून वाचलेल्यांना रस्त्यावर अडवून कागद मागितला जात होता. जाच इतका वाढला की 1871मध्ये अॅडॉल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका गोऱ्या माणसाने या जुन्या मजुरांचा अर्ज सरकारकडे नेला. त्यावर 9,401 जणांची नावं होती. शेवटी लंडनहून चौकशी आयोग आला. खापरपणजोबा त्या नावांत होते का, हे तोंतोंनी मला अनेकदा विचारलं. मी ‘असतील’ म्हटलं नाही. आपल्या माणसाला इतिहासाच्या मोठ्या प्रसंगात उभं करायचा मोह आवरावा, असं माझं मत आहे. नसतीलही. मुकाट ऊस तोडत बसले असतील, तरी काय बिघडलं?

त्या जाचाचा आज आपल्याला झालेला एकमेव फायदा म्हणजे तो फोटो. सगळ्यांचे उरलेले नाहीत, यांचा आहे. डोक्याला फडकं, खांदे आवळलेले, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. तोंतोंच्या घरी त्यावर चर्चा झाली ती नाकाची. कुणाकडे आलं, कुणाकडे नाही. मोठी सून म्हणाली, आमच्याकडे आलं नाही हे बरं झालं.

खरा धक्का बायकोच्या नोंदीत होता. पणजोबांच्या आईचा नंबर वेगळ्या जहाजाचा निघाला, आणि ते जहाज मद्रासहून आलेलं. म्हणजे खापरपणजी तेलुगू असेल किंवा तमिळ. मुंबईच्या जहाजांतून बायका कमी आल्या होत्या, तेव्हा मळ्यावर जी भेटली तिच्याशी संसार झाला. आश्चर्य करण्यासारखं यात काही नाही. पण तोंतों मराठी मंडळातले जुने कार्यकर्ते. ‘आम्ही दोन्हीकडून मराठी’ हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकवलेलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले की आईच्या हातच्या सांबाराचा उलगडा आज झाला. आता ते मद्रासच्या रजिस्टरातली तिची ओळही मागवणार आहेत. मला वाटतं, तिची गोष्ट यांच्याहून जास्त अवघड असणार.

मग जमिनीचा कागद. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरेचे भाव पडले, मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे करून विकायला काढल्या. पै पै साठवलेल्या जुन्या मजुरांनी त्या घेतल्या. ही खरेदीखतं नोटरीच्या दप्तरात असतात. त्यात खरेदीदाराचा नंबर असतो, चतुःसीमा असते, रक्कम असते आणि खाली सहीच्या जागी फुली. ओसाड, दगडाळ तुकडा होता. तोंतोंच्या भावाचं घर आज त्यावरच आहे. मला सगळ्या कागदांत हा जास्त आवडला, कारण यात पहिल्यांदा तो माणूस स्वतःहून काहीतरी करताना दिसतो.

आता माझ्या उपयोगाची वेळ आली. गाव शोधायचं होतं. जिल्हा रत्नागिरी, परगणा राजापूर, इथवर कारकुनाने वाचता येईल असं लिहिलंय. गावाच्या रकान्यात ‘वारी’. इंग्रजी कानाने ऐकलेली ‘वाडी’. बस्स, एवढंच. कोकणात वाडी शोधायची! पुढचा शब्द कारकुनाने खाल्ला, की सांगणाऱ्यानेच ‘वाडीवरचा’ एवढंच सांगितलं, देव जाणे. सावंतवाडीही असू शकते, पण मग परगणा राजापूर कसा?

मी घरी फोन केला. आईचा पहिला प्रश्न, “आडनाव काय त्यांचं?” मावशीचा तोच. राजापूरच्या एका ओळखीच्या निवृत्त तलाठ्यांचाही तोच. इथेच सगळं अडतं. इथल्या रजिस्टरात माणूस म्हणजे नंबर, जहाज आणि बापाचं नाव. आडनाव विचारलंच गेलं नाही. पुढे त्या बापाचं नावच घराण्याचं आडनाव होऊन बसलं. म्हणून इथल्या मराठी आडनावांत इतके रामजी, बाबाजी, भिवाजी. आपल्याकडे उलट. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या उघडायच्या तर आडनाव आणि गाव लागतं. कुलदैवत विचारलं तर आडनाव. भावकी विचारली तर आडनाव. दोन्हीकडे नोंदी आहेत, पण एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही. शिवाय त्या काळी कोकणात जमीन खोताच्या नावावर असायची. त्याच्या हाताखालचं कूळ निघून गेलं तर कागदावर ओरखडाही उठत नसे.

रूढींवरून काही सापडतं का तेही पाहिलं. इथे गणपतीत ‘झाकरी’ नाचतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी उडालेच, कारण ती आपली जाखडी, गोल धरून, मधे ढोलकीवाला. पण ती इथल्या सगळ्या मराठी समाजाची आहे. हेन्रिएटा गावात 1896पासून एका मराठी घरी गणपती बसतो, तोही आता सगळ्या बेटाचा सण झालाय, सार्वजनिक सुट्टी असते. यावरून ‘माणसं कोकणातली’ एवढं नक्की म्हणता येतं. अमुक घर अमुक वाडीतलं, हे नाही.

राजापूर-लांज्याकडच्या वाचकांना म्हणूनच एक विनंती. घरात जुनी वंशावळ असेल तर तिच्यात एखाद्या भावापुढे ‘परागंदा’ लिहिलंय का बघा. पुढे फांदी नाही, निर्वंश असंही नाही, नुसतं परागंदा. काळ शंभर-सव्वाशे नव्हे, त्याहून मागचा, 1850च्या आगेमागे. मोडीत असेल तर फोटो काढून ठेवा. कुणबी नोंदींच्या शोधानंतर मोडी वाचणारे लोक आता तालुक्यातालुक्यात सापडतात. तोंतोंच्या घराण्याचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांच्या मुलीने तशी अट घातली आहे. पण कुणी लिहिलंत तर दोन्ही नावं, बापाचं आणि मुलाचं, ताडून सांगेन.

ओसीआयचा अर्ज गेलाय. त्यासाठी गाव लागत नाही, संस्थेचा दाखला आणि मधल्या पिढ्यांचे कागद पुरतात. तोंतों म्हणतात गाव मिळो न मिळो, राजापूर बघायचंच. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी राजापूरच्या गंगेबद्दल, म्हणजे अधूनमधून आपोआप वाहू लागणाऱ्या झऱ्यांबद्दल, वाचलंय आणि ती आली असतानाच जायचं असा हट्ट धरून बसलेत. मी सांगून पाहिलं की ती साधारण तीनेक वर्षांनी येते, पण तिच्या मनाला येईल तेव्हा. तर मला म्हणाले, विमान कंपनीला बदलता येणारं तिकीट असतं का विचार.