पट्टा ठीक, बाळ निपचित

जन्मताच न रडलेलं ते पूर्ण दिवसांचं बाळ तालुक्याच्या गावाहून आमच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आलं, तेव्हा सहा तासांची मुदत संपत आली होती. मेंदूला वाचवण्यासाठी बाळाला थंड ठेवणं, म्हणजे कुलिंग, जन्मापासून सहा तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं. मग 72 तास शरीराचं तापमान 33 ते 34 अंशांत ठेवायचं.

एईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आटोपशीर आलेखाचा, पट्टा मात्र चांगला दिसत होता. खालची कड 7 मायक्रोव्होल्ट, वरची 12. खालची 5च्या आणि वरची 10च्या वर असली की नोंद सामान्य धरतात. मग कुलिंग कशाला, असा प्रश्न निघाला, आणि तो रास्तच होता. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात झालेल्या हेलिक्स चाचणीत (2021) कुलिंग केलेल्या गटात 42 टक्के बाळं दगावली, न केलेल्या गटात 31 टक्के. तेव्हापासून हा निर्णय सरसकट घेता येत नाही.

पण बाळाला ना चोखणं होतं, ना हातापायांत जोर. पट्टाही फार अरुंद, चढउतार नसलेला. म्हणून पट्ट्यामागचा कच्चा ईईजी, म्हणजे मूळ रेघ, उघडला. जवळजवळ सपाट रेघ, तिच्यावर ठरावीक अंतराने टोकदार उंचवटे. मॉनिटरवरच्या हृदयाच्या ठोक्यांशी ताडले. एकही चुकला नाही. आम्ही मेंदूची म्हणून वाचत होतो ती हृदयाची वीज होती.

व्हॅक्यूम लावून झालेलं बाळंतपण, त्यामुळे डोक्याला एका बाजूला सूज, आणि एक इलेक्ट्रोड नेमकं तिच्यावर. यंत्र दोन्ही बाजूंना सारखा येणारा संकेत वजा करतं; पण दोन बाजूंचा इम्पिडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा, असमान असला की हृदयाचा संकेत वजा होत नाही, खालची कड उचलून धरतो. मेंदू जितका शांत, तितकी ही फसगत मोठी. सूज टाळून दोन्ही बाजूंची इलेक्ट्रोड सारख्याच जागी हलवली, त्वचा जेलने घासली, इम्पिडन्स 10 किलोओहमच्या खाली आणला. वरची कडसुद्धा 5च्या खाली गेली. कुलिंग लगेच सुरू केलं.

थोड्या वेळाने खालची कड कमानीसारखी वर गेली. कच्च्या ईईजीत एकसारख्या, वाढत जाणाऱ्या लाटा, बाळ मात्र हलतही नव्हतं. ही फीट. वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅम फेनोबार्बिटोन हे फीट थांबवणारं औषध शिरेतून दिलं. त्या औषधानेही पट्टा काही काळ दबतो, हे वाचताना लक्षात ठेवावं लागतं.

“मेंदू चालतोय ना?” आजींनी विचारलं. आत्ताच सांगता येत नाही, हेच खरं उत्तर होतं: कुलिंगमधल्या बाळाचा पट्टा 48 तासांपर्यंत सावरला तरी आशा असते. या बाळाचा दुसऱ्या रात्री सावरू लागला. तरीही तासाला अर्ध्या अंशाच्या आत ऊब परत देताना इलेक्ट्रोड काढली नाहीत, कारण तेव्हा फीट पुन्हा येऊ शकते.