शिमग्यात आडवी झालेली हिमालयन आणि तिचं बिल

मुंबई-गोवा हायवेने कोकणात जाण्यात काडीची मजा नाही असं माझं ठाम मत आहे, त्यामुळे २०२५ च्या शिमग्याला निघालो तेव्हा ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर आणि मग बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वी असाच रूट धरला. बरोबर बाळ्या आणि त्याची जुनी पल्सर, माझी २०२० ची रॉयल एनफिल्ड हिमालयन, म्हणजे ४११ सीसीवाली बीएस६. फेरीतून उतरल्यावर वेळास, तिथे कासवांचा सीझन होता पण आम्ही पोचलो भर दुपारी, कासवं काय आमच्यासाठी थांबणार होती. पुढे केळशीला महालक्ष्मीचं देऊळ बघितलं, जेवलो आणि आडे-पाडल्याच्या बाजूने आंजर्ल्याला निघालो.

वाटेत दर दोन-तीन किलोमीटरवर पोरं रस्त्यात दोरी आडवी धरून उभी, पोस्त दिल्याशिवाय सोडत नाहीत. सुट्टे संपले की बाळ्या गाडीवरूनच हात जोडायचा आणि पोरं जास्तच ओरडायची. गावागावात चाकरमानी आलेले, कुठे ढोल, कुठे पालखी, ऊन मरणाचं पण काजूच्या बागांमधून रस्ता जातो तेव्हा बरं वाटतं.

उटंबरच्या बाजूला एक चढ लागतो, अरुंद, एका बाजूला डोंगर आणि त्याच्या पायाशी पावसाळ्यातल्या पाण्यासाठी खणलेला चर. वरून एसटी आली. कोकणात एसटीला रस्ता द्यायचा हा नियम कुणी शिकवावा लागत नाही, मी डावीकडे घेऊन थांबलो आणि डावा पाय टेकवला तर खाली जमीनच नाही. चर काजूच्या वाळक्या पानांनी काठोकाठ भरलेला, वरून बघणाऱ्याला ती साइडपट्टीच वाटणार. पाय गुडघ्यापर्यंत आत आणि त्यामागोमाग गाडी.

हिमालयनचं वजन १९९ किलो, त्यावर दोन सॅडल बॅगा, मागे बंजीने बांधलेली तिसरी, आणि १५ लिटरची टाकी श्रीवर्धनला फुल्ल केलेली. एवढं वजन एका ठरावीक कोनापलीकडे झुकलं की ते धरायला जाण्यात अर्थ नसतो. जे धरायला जातात त्यांची पाठ जाते किंवा मनगट जातं, आणि गाडी पडायची ती पडतेच. सोडून द्यायची आणि आपला पाय बाहेर काढायचा. हे मी लडाखला जाऊन आलेल्या एका काकांकडून ऐकलेलं, त्या क्षणी आठवलं वगैरे काही नाही, शरीरानेच ते केलं.

एसटी थांबली. कंडक्टर खाली उतरला, "काय वो, लागला नाय ना कुठं?" नाय म्हटलं. मग त्याने गाडीकडे बघून मोठा श्वास सोडला आणि खिडकीतल्या दोन पोरांना हाक मारली.

आता एकट्याने जड गाडी उचलायची पद्धत बऱ्याच जणांना माहीत असते पण वेळ आली की सगळे गाडीकडे तोंड करून हँडल धरतात आणि कमरेने ओढायला लागतात. तसं नाही करायचं. गाडी डाव्या अंगावर पडली असेल तर हँडल पूर्ण डावीकडे वळवून घ्यायचं, गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवायचं, उजव्या हातात हँडलची खालची ग्रिप, डाव्या हातात मागचं कॅरिअर, आणि पायाने रेटत छोटी छोटी पावलं मागे टाकायची. जोर मांड्यांचा, पाठ सरळ. गाडी गिअरमध्ये असली पाहिजे नाहीतर उचलता उचलता घरंगळते. उजव्या अंगावर पडली तर एक फायदा, स्टँड आधीच काढून ठेवता येतो, उभी झाली की त्यावर टेकते. डावीकडे पडली तर स्टँड खाली दाबलेला, त्यामुळे उभी करताना जोर जास्त झाला तर पलीकडे जाऊन पडायची भीती. पलीकडे एक माणूस उभा पाहिजेच.

पण हे सगळं सपाट जमिनीवर. माझी गाडी चरात डोकं खाली करून पडलेली, चाकं रस्त्यावर आणि हँडल चाकांपेक्षा खाली, म्हणजे उचलताना पूर्ण वजन हातावर येणार. बाळ्या आणि मी दोनदा जोर लावून बघितला, फक्त पानं हलली. शेवटी कंडक्टरने सूत्रं हातात घेतली. आधी बॅगा काढायला लावल्या, मग ती दोन पोरं, मी आणि बाळ्या मिळून गाडी आहे तशी आडवीच लेगगार्डवर फिरवून पुढचा भाग रस्त्यावर आणला, आणि मग उभी केली. सकाळपासून पालखी नाचवून आलेली पोरं ती, खांद्यात दम होता. एसटीमधल्या आज्ज्या खिडकीतून सूचना देत होत्या, एकीचं म्हणणं नारळ फोडला नसेल.

उभी केल्यावर लगेच स्टार्टर मारायचा नाही. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं, वाळक्या पानांवर पडलेलं, वास सुटलेला, त्यात ड्रायव्हरसाहेब विडी पेटवायच्या बेतात, त्यांना ओरडून थांबवलं. दहा मिनिटं गाडी तशीच ठेवली, इंजिनमधलं ऑइल खाली बसू दिलं, कुठून गळतंय का बघितलं. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, त्यामुळे किल्ली एकदा बंद करून परत चालू करावी लागते, नाहीतर माणूस स्टार्टर दाबत बसतो आणि बॅटरी उतरते. सुरू झाली तेव्हा सायलेन्सरमधून निळसर धूर आला, बाळ्या घाबरला, पण आडव्या गाडीत ऑइल नको तिथे शिरतं ते जळून जातं, मिनिटभरात धूर थांबला. नसता थांबला तर मीही घाबरलो असतो.

नुकसान म्हणाल तर क्लचचा लिव्हर अर्धा तुटून गेलेला, डावा आरसा फुटलेला, इंडिकेटर वायरला लोंबकळत होता, हँडगार्डची चीर, टाकीशेजारची लोखंडी फ्रेम आत दबलेली, हँडल किंचित वाकडं, आणि गिअर लिव्हर वाकून इंजिनच्या कव्हरला टेकलेला. टाकीला काही नाही, फ्रेमने मार खाल्ला म्हणून टाकी वाचली. गिअर लिव्हर टूलकिटमधल्या पान्याने थोडा बाहेर ओढला, बूट शिरण्यापुरता. क्लचला दोन बोटं मावतील एवढं थोटूक शिल्लक होतं, त्यावर आंजर्ल्यापर्यंत आलो. उतारावर चालतं, चढावर हाफ क्लच करताना बोटं भरून येतात.

आंजर्ल्यात खोलीवाल्यांनी एका मेकॅनिकचा नंबर दिला. फोन केला तर मागे ढोल, "आज पालखी आमच्याकडं येनाराय, उद्या दापोलीला गॅरेजवर या." यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो, बाळ्याच्या मागे बसून. वरून खाडी आणि हर्णैकडचा सुवर्णदुर्ग दिसतो, पण माझं लक्ष पार्किंगमधल्या प्रत्येक बाईकच्या क्लच लिव्हरकडे.

दापोलीत दुसऱ्या दिवशी त्या भल्या माणसाने दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा लिव्हर काढला, भोक कानशीने मोठं केलं, दोन वॉशर टाकले आणि बसवला. गिअर लिव्हर काढून व्हाइसमध्ये धरून सरळ केला. बसवताना त्याने एक गोष्ट दाखवली ती कामाची आहे, लिव्हरचा क्लॅम्प हँडलवर करकचून आवळायचा नाही, हाताने जोर लावला तर फिरेल इतपतच ठेवायचा, म्हणजे गाडी पडली तर लिव्हर तुटायच्या ऐवजी फिरतो. सगळ्याचे ४०० घेतले आणि वर शिमग्याची पोस्त मागितली, ती दिली. त्या लिव्हरवर पुढे दाभोळची फेरी, धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळहून जयगड आणि आंबा घाटाने परत पुणे एवढं सगळं झालं.

पुण्यात आल्यावर सर्व्हिस सेंटरला दाखवली. त्यांनी एस्टिमेट काढलं चौदा हजारांचं. हँडल नवं, फ्रेम नवी, लेगगार्ड नवा, आरसे जोडीने (उजव्याला काय झालं होतं कुणास ठाऊक), आणि तेव्हा पार्टवर जीएसटी २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सर इन्शुरन्स क्लेममध्ये टाकू, तुम्हाला काय फरक पडतो.

फरक पडतो. घरी कागद घेऊन बसलो. गाडी चार वर्षांच्या वर झालेली, म्हणजे लोखंडी पार्टवर ३५ टक्के डेप्रिसिएशन (जुनेपणाची वजावट, तेवढे कंपनी देत नाही), प्लास्टिक आणि रबरवर सरळ ५० टक्के. ही वजावट टाळणारं झिरो डेप कव्हर माझ्याकडे नव्हतं. कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायचीच रक्कम, टू-व्हीलरला १०० रुपयेच असतं, ते सोडा. चौदातले साधारण आठ कंपनी देणार, सहा माझे. आता एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी टक्क्यांतली सूट. ते २०, २५, ३५, ४५, ५० असं चढतं आणि एक क्लेम केला की थेट शून्य. माझा ४५ होता, पुढच्या रिन्यूअलला ५० होणार होता. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा प्रीमियम डिस्काउंटआधी दोन हजारांच्या आसपास धरला तर पुढची पाच वर्षं मिळून एनसीबीचं नुकसान होतं अडीच हजार. म्हणजे "फुकट" क्लेम मला पडला असता साडेआठ हजारांना.

त्याऐवजी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत गेलो. लिव्हर, डावा आरसा, इंडिकेटर, हँडगार्ड, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. हँडल आणि फ्रेम एका वेल्डिंगवाल्याने सरळ करून दिली, फ्रेमला परत काळं पावडर कोटिंग, आणि मजुरी. चार हजारांच्या थोडं वर गेलं सगळं. गिअर लिव्हर दापोलीवाला तोच ठेवला, त्याला काही होत नाहीये. लेगगार्डवर ओरखडे आहेत, ते असू देत, त्याचं कामच ते. नवीन गाडी असती, पहिलंच वर्ष, किंवा टाकी चेपली असती, फोर्क गेला असता, तर मीच क्लेम केला असता, तेव्हा आकडे उलटे पडतात. हँडल सरळ करून घेण्याबद्दलही सगळ्यांचं एकमत नाही, जास्त वाकलं असेल तर नवंच टाकावं, माझं अगदी थोडं होतं.

आता बॅगेत क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर जास्तीचा, केबल टाय आणि इन्सुलेशन टेप असते. बाळ्या हसतो, कारण त्याची पल्सर पडली तरी तो एका हाताने उचलतो.

ऑगस्टमध्ये रिन्यूअल आलं, एनसीबी झाला ५० टक्के, खूश होऊन मेल उघडला तर रक्कम आधीपेक्षा कितीतरी जास्त. नवी घेताना भरलेली पाच वर्षांची थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीची पॉलिसी) संपलेली, आणि ३५० सीसीच्या वरच्या गाडीला ती वर्षाला २,८०४ रुपये अधिक जीएसटी, तिच्यावर एनसीबी लागू होत नाही. भरले.