ग्रीक शिकताना मराठी कामी येते

रोजच्या बोलण्यापुरती ग्रीक शिकायला घेतली, तेव्हा हाताशी होती ती सगळी पुस्तकं इंग्रजीतली. काही आठवड्यांनी कळलं की निम्मा त्रास ग्रीकचा नसून इंग्रजीच्या वळशाचा आहे. मग वहीत डावीकडे ग्रीक आणि उजवीकडे थेट मराठी लिहायला लागलो.

आधी उच्चार. ग्रीकमधले प, त, क आपल्यासारखेच: दंत्य त, आणि हकार अजिबात नाही. त्यामुळे 'ती कानिस' मधल्या 'ती'चा 'टी' करायचं काही कारण नाही. शब्दशः अर्थ 'काय करतोस?', पण विचारायचं असतं 'कसा आहेस?'. म्हणून उत्तरात काम सांगू नये, 'काला' म्हणजे 'बरा' म्हणावं. थीटा मात्र आपला थ नव्हे. जीभ वरच्या दातांच्या कडेला टेकवून हवा घासत सोडावी लागते. गामा हा ए आणि इच्या आधी चक्क 'य' होतो, एरवी घशात घासलेला 'ग'.

लिपीत अक्षरं २४ च, पण इंग्रजीला सरावलेले डोळे दगा देतात. 'पी'सारखं दिसतं ते र, 'बी'सारखं दिसतं ते व, आणि लहान लिपीतलं 'व्ही'सारखं अक्षर म्हणजे न. यावर पाट्या वाचण्यासारखा उपाय नाही: 'एक्सोदोस' (बाहेर), 'इसोदोस' (आत), 'फार्माकिओ' (औषधांचं दुकान). 'ई' हा एकच आवाज पाचेक तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे वाचन लवकर जमतं, शुद्धलेखन रखडतं. मी ते खुशाल रखडू दिलं.

जोराची खूण मात्र सोडू नये. १९८२ पासून अधिकृत लेखनात एकच खूण उरली आहे, पण तिच्यावर अर्थ फिरतो. 'पोते'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असेल तर 'कधी?', दुसऱ्यावर गेला तर 'कधीच नाही'.

लिंगांपाशी इंग्रजी भाषक अडतात, आपण अडत नाही. ओ, ई, तो ही तीन उपपदं म्हणजे आपले तो, ती, ते. फक्त त्यांचा 'तो' नपुंसकलिंगी, हा घोळ पहिला महिनाभर होतोच. 'तो पेदी' म्हणजे 'ते मूल', लिंगही जुळलं. शब्द उपपदासकटच पाठ करावा. कर्म झालं की पुल्लिंगी नामाच्या शेवटचा स गळतो. आपल्याला सामान्यरूपाची सवय असल्याने हे परकं वाटत नाही. कॉफी मागताना म्हणून 'मेत्रिओस' नाही, 'एनान एलिनिको मेत्रिओ, पाराकालो' (एक ग्रीक कॉफी, बेताची गोड). बिनसाखरेची 'स्केतो', गोड 'ग्लिको'. साखर कॉफी उकळतानाच पडते, तेव्हा हे आधीच सांगावं लागतं.

'पाराकालो' म्हणजे 'कृपया'. कोणी 'एफ्खारिस्तो' (आभार) म्हटलं की उत्तरही तेच, आणि फोन उचलतानाही तेच.

'मला आवडतं' म्हणजे 'मू आरेसी', अगदी शब्दाला शब्द. 'आंबा आवडतो, आंबे आवडतात' यात क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं ना, तसंच तिथे अनेकवचनी 'मू आरेसून'. नाव सांगताना 'मे लेने…', म्हणजे 'मला… म्हणतात'.

आकड्यांत दिओ, त्रिआ, एफ्ता, ओख्तो, देका हे संस्कृतच्या ओळखीने सोपे जातात. पण खरी गंमत वेळेत आणि वजनात. पावणेतीन हे 'त्रिस पारा तेतार्तो', म्हणजे तीनला पाव कमी. दीड आणि अडीचला त्यांच्याकडेही एकेका शब्दाची सोय आहे. दीड किलो 'एनामिसी किलो', पण तास स्त्रीलिंगी म्हणून दीड तास 'मिआमिसी ओरा'. ही 'ओरा' आपल्या ज्योतिषातली होरा. बसवर 'केन्द्रो' दिसलं तर ती शहराच्या मध्यभागी जाते. 'केंद्र' हा शब्द आपण ग्रीकांकडूनच घेतला.

सगळ्यात मोठा खड्डा हो-नाहीचा. 'ने' म्हणजे हो! आपल्या कानाला तो नकार वाटतो आणि नको ती बशी समोर येते. नकार 'ओही', पण पुष्कळदा तेही न बोलता भुवया वर, मान किंचित मागे आणि 'च्च'. हा 'च्च' आपल्या घरातलाच आहे. मान वर जाते म्हणून होकार समजू नये, एवढंच.

शुभेच्छांची वेगळी दोन पानं करावीत, कारण तिथे प्रसंगाप्रसंगाला शब्द ठरलेला. आजाऱ्याला 'पेरास्तिका', नवे कपडे घातलेल्याला किंवा केस कापून आलेल्याला 'मे या', महिन्याच्या पहिल्या तारखेला 'कालो मिना'. 'कालिनिख्ता' फक्त रात्री निरोप घेताना, भेटल्यावर 'कालिस्पेरा'. आणि ऑगस्ट संपता संपता, घामाच्या धारा लागलेल्या असताना, लोक एकमेकांना 'कालो हिमोना', म्हणजे 'हिवाळा चांगला जावो' म्हणतात. सुट्ट्या संपल्या, कामाला लागा, असा त्याचा रोख. 'हिमोना' लक्षात ठेवायला आपलं 'हिम' पुरतं.