माळवदाच्या घरात वायफाय

दिवाळीला गावी गेलतो, औश्याकडं, सोबत जुना लॅपटॉप. भाच्यानं मोबाईलचं हॉटस्पॉट चालू केलं तर त्याच्या लॅपटॉपला लगेच जोडलं आन माझ्यात नावच दिसंना. "मामा, काय बघायलात, फेकून द्या हे डबडं" म्हणला.

मग डिव्हाइस मॅनेजर (लॅपटॉपात कोणकोणते भाग बसवलेत त्याची यादी) उघडून बघितलं. आतलं वायफायचं कार्ड ८०२.११एन वालं, म्हणजे वायफायच्या जुन्या पिढीचं, तेही फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पकडणारं, आन हॉटस्पॉट होतं ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे कार्डाला ते ऐकूच येत नव्हतं, यात लॅपटॉप बिघडला म्हणायचं कारणच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड (लहरींचा पट्टा) २.४ केला, दोन मिनिटात जोडलं.

खरं तर आमच्या घरात २.४च बरं, दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, ५ वालं ओसरी ओलांडली की ढेपाळतं, स्पीड जास्त पण भिंतीपुढं दम निघत नाही.

तरी सिग्नल एकच काडी. मग मागचं झाकण खोललं (आधी बॅटरी काढा बरं का). कार्ड केवढं, बिस्किटाच्या तुकड्याएवढं, त्याला एक काळी एक पांढरी अशा दोन बारीक वायरी, त्या बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेला जातेत, खरा अँटेना तिथंच असतो. पांढरी निसटली होती. नखानं दाबली, टिक वाजलं. तीन काड्या.

आता भाचा विचारायलाय, माझं पण खोलून बघता का. म्हणलं, तुझं डबडं नाही ना, राहू दे.