बिडाच्या दारावरची फुलं

परवा मंगळवार पेठेत भंगारवाल्याकडून एक बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, दार आणलं. दार म्हणजे घराचं नाही, घर गरम ठेवायच्या शेगडीचं, आपल्या पाटीएवढं. आईनं बघितलं आणि म्हणाली, "माणसाला बसायला जागा नाही घरात आणि हा भंगार आणूलालाय." बरोबरच आहे तिचं. त्यात हे सोलापूर, इथं मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकला की भिंतीच रात्री एक वाजेपर्यंत शेगडीचं काम करतात, वेगळी शेगडी हवीय कुणाला. भंगारवाल्यालाही ते काय आहे माहीत नव्हतं, कुठल्यातरी बंगल्याच्या सामानात आलं म्हणाला आणि वजनावर देऊन टाकलं.

मला सोडवेना ते त्यावरच्या नक्षीमुळं. खाली कुंडी, कुंडीतून वर चढलेली वेल, दोन्ही अंगांना मोठमोठी वळलेली पानं, कडेनं मण्यांची ओळ, आणि वेलीच्या मधून तीन उभ्या खिडक्या, आता रिकाम्या. ह्या खिडक्यांत काच नसायची, अभ्रकाचे पातळ पापुद्रे बसवायचे, कारण शेगडीच्या आचेनं अभ्रक काचेसारखं तडकत नाही आणि आतला निखारा लालभडक दिसतो. गंमत म्हणजे अभ्रक त्या काळी आपल्याकडच्या कोडर्मा-हजारीबागच्या पट्ट्यातून जगभर जायचं, म्हणजे थंडी त्यांची आणि खिडकी आपली.

आता खरी गोष्ट. घरी आणताना गेटपाशी स्कूटरच्या पायाजवळनं दार सटकलं, फरशीवर आपटलं आणि एक कोपरा टक्कन तुटला. बीड आहे ना, वाकत नाही, तुटतंच. आज्जीचा बिडाचा तवा असाच गेला होता. जीव हळहळला, पण तुकडा उचलून बघितला तर कड करडी, दाणेदार, बोट फिरवलं की पेन्सिल घासल्यासारखं काळं लागलं (बिडातला कार्बन ग्रॅफाइट होऊन बसलेला असतो, म्हणून), आणि मुख्य म्हणजे पान जिथं बाहेर फुगलंय तिथं मागच्या बाजूनं खळगा. मी इतके दिवस समजत होतो की सपाट पत्र्यावर वरून जास्तीचं लोखंड घालून फुलं काढत असतील. तसं नाहीच. सगळीकडे जाडी तेवढीच, चार-पाच मिलिमीटर, पान म्हणजे नुसती सुरकुती.

माझा एक मित्र एमआयडीसीतल्या फौंड्रीत आहे, त्याला तुकडा दाखवला. तो म्हणाला अरे मग काय, एके ठिकाणी जाड आणि शेजारी पातळ ठेवलं तर पातळ आधी थंड होतं, जाड मागनं आकसतं आणि ओढाताणीत तडा जातो. आणि सपाट मोठी प्लेट तर ओतून बघच बे, थंड होताना नाहीतर पुढं शेगडीत तापताना वाकडी होणार, तिला असं वळण दिलं, वेल फिरवली, की ती ताठ राहते. वर आणि वाळूचे बारीक खड्डे, डाग, सगळं त्या पानाफुलांत झाकलं जातं, सपाट प्लेटवर ते चेहऱ्यावरच्या देवीच्या व्रणासारखे दिसले असते. मग त्यानं पाकळीच्या कडेवर नख फिरवायला लावलं. कड सरळ उभी नाही, जराशी उतरती आहे, कारण वाळूत दाबलेला लाकडी पॅटर्न (म्हणजे नमुना, त्याच्या ठशात मग लोखंड ओततात) वर ओढताना वाळू ढासळता कामा नये. म्हणजे कोरणाऱ्याला खोल पोखरायची, खालून कापायची मुभाच नाही, जे काय सौंदर्य करायचं ते वर उचलता येईल एवढंच.

ह्याहून भारी त्याची पट्टी. पॅटर्नवाल्यांची फूटपट्टी वेगळी असते, तिच्यावर १२ इंच लिहिलेलं असतं पण खरं माप साधारण १२ आणि १ अष्टमांश, कारण बीड थंड होताना शेकडा एक टक्क्याच्या आसपास आकसतं. मी म्हटलं ही तर खोटं बोलणारी पट्टी. तो म्हणाला खरं बोलली तर माल रिजेक्ट.

तेव्हापासून रोज रात्री जुन्या शेगड्यांचे फोटो बघत बसतोय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले जर्मन लोक अठराव्या शतकात पाच प्लेटांची शेगडी करायचे, सहावी बाजू भिंतीला उघडी, पलीकडच्या खोलीच्या चुलीतून निखारे सरकवायचे. प्लेटांवर बायबलातल्या गोष्टी, आदम आणि ईव्ह, काइन आणि आबेल. मला ते फार पटलं, थंडीत सगळं घर जिथं जमणार तिथंच गोष्ट, आपल्या देवळातल्या भिंतीसारखी. बेंजामिन फ्रँकलिननं १७४० च्या दशकात आपली शेगडी काढली, त्यानं पेटंट घ्यायला नकार दिला आणि लंडनच्या एकानं थोडाफार बदल करून घेऊन टाकलं, असं त्यानंच लिहून ठेवलंय. पुढं एकोणिसाव्या शतकात आल्बनी आणि ट्रॉय ह्या गावांत शेगड्यांचे मोठमोठे कारखाने झाले आणि नक्षीचा पूर आला, खांब, कमानी, वर कलश, नंतर निकेलची चकचकीत पट्टी. काही काही तर अगदीच डोक्यावर पडलेलं काम वाटतं मला. फ्रान्समध्ये गोदँ नावाचा कुलूपवाल्याचा पोरगा, त्यानं १८४० ला पत्र्याऐवजी बिडाच्या शेगड्या करायला घेतल्या, पैसा झाला तर गीझ गावात कामगारांसाठी काचेचं छप्पर टाकलेल्या चौकाभोवती भलीमोठी वस्ती बांधली. मिलच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते सोडा.

पण एवढी नक्षी परवडायची कशी? आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता, त्यावर एक फूल नाही, कारण तिथं प्रत्येक बंबाला तांबटाला नव्यानं ठोकत बसावं लागलं असतं. बिडात कोरायचं एकदाच, लाकडात. पुढच्या प्रत्येक शेगडीला फूल जवळजवळ फुकट. हे मनात आलं आणि मी उठून अण्णांकडं गेलो, कारण हे गणित मी लहानपणापासून घरात बघितलंय. अण्णा चादरीच्या डिझाइनचे ग्राफ काढायचे आणि जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच करायचे. एक मोर काढायला आठवडे, मग माग चालू झाला की चादरीमागून चादर मोरच मोर.

अण्णांना आता नीट दिसत नाही. त्यांनी धागे मोजायची घडीची भिंग काढली, दार मांडीवर घेतलं आणि पार पंधरा मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अर्धं काढून उलटवलेलं नाही हे." मला कळेना. चादरीत डावं-उजवं सारखं असलं की अर्धाच ग्राफ काढतात, दोऱ्या तशा बांधल्या की दुसरी बाजू आपोआप आरशासारखी येते आणि दोऱ्या उचलणारे हुक निम्मे लागतात. ह्या दारावर मला दोन्ही पानं सारखीच वाटत होती. अण्णांनी बोट धरून मोजायला लावलं. डाव्या पानाला सात शिरा, उजव्याला सहा, आणि सहावी टोकाला जरा घाईत वळवलेली.

"मग ही चूक जेवढ्या शेगड्या ओतल्या तेवढ्यांत गेली असणार," मी म्हटलं.

"जाणारच की. माझा एक मोर एका डोळ्याचा गेला होता, मालकाला कळेपर्यंत अख्खा लॉट विकून झाला." असं म्हणून हसले, आणि आईला हाक मारून विचारलं, जुना ग्राफ पेपर माळ्यावर आहे का बघ. आई म्हणाली भंगारात दिला.

मग मीच सकाळी नव्या पेठेतनं चार ताव आणले. अण्णांनी डावं पान उतरवायला घेतलंय. उजव्याचं काय करायचं विचारलं तर म्हणाले, सहाच शिरा ठेवायच्या, त्यानं काढल्यात तशा.