भृंगराजाने भरलेला तक्ता

धुक्यात, सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सर्पगरुड ओरडला, तिथेच पेन थांबायला हवं होतं. पण पक्षीगणनेच्या तक्त्यात नाव पडलं, पुढे ‘ऐ’ लिहिलं गेलं (ऐकला, दिसला असता तर ‘दि’), आणि पुढच्या दोन मिनिटांत त्याखाली शिक्रा आणि मलबारी कर्णाही येऊन बसले.

जागा आंबोली, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. अंजनी-जांभळाचं सदाहरित जंगल, फेब्रुवारीअखेर. गणना बिंदू पद्धतीची होती. पायवाटेवर अडीचशे मीटरच्या अंतराने दहा बिंदू, प्रत्येकावर दहा मिनिटं. पोचल्यावर पहिली दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं, कारण पाचोळ्यातून आपण चालत आल्यावर गप्प झालेलं जंगल तेवढ्या वेळात पुन्हा बोलू लागतं. मी पाहणार आणि ऐकणार, सहकारी लिहिणार. एकानेच दोन्ही करायचं म्हटलं तर मान खाली गेली की वरून गेलेला पक्षी हुकतो. अंतराचे तीन रकाने असतात: वीस मीटरच्या आत, वीस ते पन्नास, पन्नासच्या पुढे. शिवाय पानावर एक वर्तुळ काढलेलं असतं. मध्यभागी आपण, आणि प्रत्येक आवाज ज्या दिशेने आला तिथे खूण. हे वर्तुळ कंटाळवाणं म्हणून अनेक जण काढत नाहीत. त्या दिवशी लाज राखली ती त्यानेच.

सदाहरित जंगलात निम्म्याहून जास्त नोंदी कानाने होतात. कर्ण्याचंच बघा. नराचं पोट लालभडक, पण हा पक्षी तासन् तास निश्चल बसतो आणि चाहूल लागली की आपल्याकडे तपकिरी पाठ करतो. त्याची खर्जातली, सारख्या अंतराची ‘क्यौ-क्यौ-क्यौ’ ऐकू आली नाही, तर तो तिथे आहे हे कळतच नाही. म्हणून ‘ऐ’ला आम्ही ‘दि’इतकाच मान देतो, आणि नेमकं तिथेच फसतो.

त्या सकाळी चौथ्या बिंदूवर, आठव्या मिनिटाला सहकाऱ्याने पान पुढे केलं. सर्पगरुड, शिक्रा, कर्णा, तिघांच्या खुणा वर्तुळात जवळजवळ एकावर एक, पंधरा-वीस मीटरवर. दोन शिकारी पक्षी आणि एक कर्णा एकाच झाडावर? सर्पगरुड बसूनही ओरडतो, पण त्याची लांब शीळ ऐकू येते ती बहुधा ऊन तापल्यावर, आभाळात घिरट्या घेताना. धुक्यात, दाट फांद्यांच्या आतून ती येण्याचं कारण नव्हतं.

दुर्बीण त्या दिशेला धरली. (जंगलात ८×४२ घ्यावी, दहापटीची जड नळी घेऊन अंधाऱ्या फांद्यांत शोधताना दृश्य अरुंद पडतं आणि हात थरथरतो तो वेगळाच.) आडव्या फांदीवर भृंगराज, इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करणारा कोतवाल कुळातला पक्षी. कपाळावर उलटा वळलेला तुरा, शेपटीची दोन लांब पिसं, मध्ये नुसती काडी आणि टोकाला पीळ घातलेलं पातं. एकच पातं होतं, दुसरं झडलेलं. गळा फुगला आणि सर्पगरुडाची शीळ आली. मग श्वासही न घेता शिक्र्याची दोन अक्षरं, आणि शेवटी त्याची स्वतःची, भांड्यावर चमचा आपटल्यासारखी ‘टिंग’. फोनवरच्या पक्षी ओळखणाऱ्या ॲपनेही गरुडच सांगितला होता. त्याला दोष कसला द्यायचा? त्याला फक्त आवाज कळतो, तो कुठून आणि कुणाच्या पाठोपाठ आला हे कळत नाही.

भृंगराज उगाच शिकाऱ्यांचे आवाज काढत नाही. श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलात झालेल्या अभ्यासात दिसलं होतं, की शिकाऱ्यांचे आणि धोक्याच्या इशाऱ्याचे आवाज तो बहुधा धोक्याच्या प्रसंगीच उचलतो. एरवी त्याच्या गाण्यात इतर पक्ष्यांची साधी बोली असते. म्हणजे इथे काहीतरी होतं. दहा मिनिटं संपवून, बिंदू सोडून, आम्ही त्याच्या चोचीची दिशा धरली. शिलिंध्री आणि बुलबुलही तिकडेच कलकलत होते. वेलींच्या जाळ्यात, खोडाला चिकटून, वनघुबड. डोळे काळेभोर, कानांसारखे तुरे नाहीत, पोटावर दाट बारीक आडव्या रेषा. हुमा घुबड असतं तर तुरे दिसले असते. फोटोसाठी आणखी पुढे गेलो नाही. दिवसा उठवलेल्या घुबडाला पक्ष्यांची पुढची झुंड जंगलभर पळवते.

खरं काम संध्याकाळी झालं. रेकॉर्डर प्रत्येक बिंदूवर चालू होता, ४४.१ किलोहर्ट्‌झ, वेव्ह फाइल. फोनवर ध्वनिमुद्रण केलं तर तो दूरचा आवाज आपोआप वाढवतो आणि वीस मीटर, ऐंशी मीटर सारखेच वाटू लागतात. वर्णपट, म्हणजे आवाजाचा आलेख, उघडून तिसऱ्या आणि चौथ्या बिंदूवरचे कर्णे शेजारी ठेवले. तिसऱ्यावर सहा ठोके सारख्या अंतराने, मग अर्धं मिनिट शांतता, पुन्हा सहा, दिशाही वेगळी. तो ठेवला. चौथ्यावर तीनच ठोके, शेवटचा अर्धवट, आणि त्याला चिकटून धातूसारखा उभा पट्टा, म्हणजे तीच ‘टिंग’. तो खोडला. कर्ण्याचा आवाज वाजवून खात्री करून घ्यायचा सोपा मार्ग असतो, पण विणीच्या हंगामात नर उत्तर द्यायला हद्द सोडून येतो आणि मोजणीही बिघडते. आम्ही तो वापरत नाही.

तेव्हापासून तक्त्यात एक बारीक रकाना वाढला आहे: ‘आधी-नंतर काय’. ‘ऐ’ नोंदीच्या दोन्ही बाजूंना पाच सेकंदांत त्याच दिशेने दुसरं काही आलं का, एवढंच त्यात लिहायचं. आलं असेल तर रात्री फाइल ऐकेपर्यंत नोंद पेन्सिलीत.

चौथ्या बिंदूवर सकाळी अकरा जाती होत्या. गरुड, शिक्रा, कर्णा गेले. घुबड दहा मिनिटांनंतर सापडलं, म्हणून ते शेऱ्यात. आणि सगळी सकाळ गाजवणाऱ्या भृंगराजाचं नाव तक्त्यात लिहायचंच राहिलं होतं. ते ‘दि’ म्हणून घातलं. नऊ.